पाईपला अर्थिंग द्यायचं की नाही? एका फोनचं उत्तर

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलण्यातलं थोडं सावरून घेतलंय, बाकी आहे तसंच ठेवलंय.

मागच्या महिन्यात शहाद्याकडच्या एका मुलाचा फोन आला. आयटीआय झालेला, वायरमन ट्रेडचा. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातली कितीतरी पोरं नवापूर ओलांडून गुजरातेत कामाला जातात, तसा हाही गेलाय. भरूचच्या बाजूला पाईपलाईनच्या साईटवर आहे. म्हणाला, "काका, इथं एक साहेब म्हणतात पाईपला अर्थिंग दे. दुसरे म्हणतात पाईपला अर्थिंग जोडलंस तर घरी पाठवीन. खरं कोणाचं धरू?"

मी म्हणालो, दोघांचंही खरं आहे.

तो जरा वैतागलाच. साहजिक आहे. फोनवर दोन मिनिटांत हे सांगता येत नाही, म्हणून हा अख्खा भाग. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. या प्रश्नाचं उत्तर मी दोन्ही बाजूंनी चुकवलेलं आहे. पहिल्या चुकीत पाईपचं नुकसान झालं असतं, दुसऱ्या चुकीत माणूस गेला असता. ते सगळं खाली येईलच.

पाईप गंजतो का, आणि वीज त्याला वाचवते कशी

लोखंड ओल्या मातीत गाडलं की त्याच्या अंगावर छोट्या छोट्या बॅटऱ्या तयार होतात. एका जागेवरून करंट मातीत बाहेर पडतो, दुसऱ्या जागेवर परत आत येतो. जिथून बाहेर पडतो तिथलं लोखंड झिजतं. हिशेब सांगतो: १ अँपिअर डीसी करंट वर्षभर लोखंडातून मातीत बाहेर पडत राहिला, तर साधारण ९ किलो लोखंड खाऊन जातो. आणि पाईपमध्ये तो सगळीकडून सारखा खात नाही, एकाच ठिकाणी भोक पाडतो.

यावर दोन उपाय एकत्र करतात. पहिला म्हणजे कोटिंग. हल्लीच्या तेल-गॅसच्या पाईपवर पॉलिइथिलीनचं तीन थरांचं कोटिंग असतं. पण पाईप ट्रेंचमध्ये उतरवताना दगड लागतो, साखळी घासते, आणि कुठंतरी कोटिंगला बारीक छिद्र राहतंच. साईटवर त्याला 'हॉलिडे' म्हणतात. त्या छिद्रांसाठी दुसरा उपाय, कॅथोडिक प्रोटेक्शन. पाईपपासून दूर जमिनीत अ‍ॅनोड पुरायचे, टीआर युनिटचा पॉझिटिव्ह अ‍ॅनोडला आणि निगेटिव्ह पाईपला द्यायचा. मग करंट मातीतून सगळीकडून पाईपच्या आत येतो. बाहेर कुठूनच पडत नाही, म्हणून पाईप झिजत नाही. झिजायचं ते अ‍ॅनोड झिजतात. (पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलटं जोडलं तर काय होईल ते आता तुम्हीच ओळखा.)

कल्पना जुनी आहे. १८२४ मध्ये इंग्लंडात हम्फ्री डेव्ही यांनी जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला लोखंड आणि जस्ताचे तुकडे जोडून तांबं वाचवून दाखवलं होतं. पाईपलाईनसाठीचा आजचा आकडा १९२८ च्या आसपास अमेरिकेत रॉबर्ट कून यांच्या कामातून आला: कॉपर सल्फेटच्या हाफ सेलच्या तुलनेत पाईपचं पोटेन्शियल उणे ८५० मिलिव्होल्ट किंवा त्याहून जास्त उणे हवं. साईटवर ज्याला पीएसपी म्हणतात ते हेच. फार जास्त उणेही नको. उणे १२०० च्या पलीकडे गेलं की कोटिंग सुटायला लागतं.

माझी पहिली चूक: तांब्याची भूक

आता अर्थिंगकडे येऊ. आपण घरात, शेतात, फॅक्टरीत काय शिकलो? लोखंडी बॉडी दिसली की अर्थ करा. मोटरला तर दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून अर्थ करा. बरोबरच आहे ते.

मी नवीन असताना एका व्हॉल्व्ह स्टेशनवर काम करत होतो. कंपनीचं नाव घेत नाही, चूक माझी होती. तिथं मोटरवर चालणारा व्हॉल्व्ह होता. मी नियमाप्रमाणे मोटरच्या बॉडीला दोन अर्थ दिले, ते तांब्याच्या पट्टीनं स्टेशनच्या अर्थ ग्रिडला जोडले. काम सुबक झालं होतं, मी खुशीत होतो. पण मोटर व्हॉल्व्हवर बसलेली, आणि व्हॉल्व्ह पाईपला वेल्ड केलेला. म्हणजे मी मोटरला अर्थिंग दिलं नव्हतं, अख्ख्या पाईपलाईनला दिलं होतं.

दोन आठवड्यांनी रीडिंग घेतलं. जिथं उणे ११५० असायचं तिथं उणे ७०० च्या आसपास आलेलं.

काय झालं होतं ते आकड्यांत बघू. १८ इंची पाईपचा १ किलोमीटर घ्या. बाहेरचं क्षेत्रफळ साधारण १४३५ चौरस मीटर. कोटिंग चांगलं असेल आणि दर चौरस मीटरला ५० मायक्रोअँपिअर धरले, तर अख्ख्या किलोमीटरला लागतात जेमतेम ७२ मिलिअँपिअर. आता तांब्याची २५ बाय ३ मिलिमीटरची पट्टी घ्या, १०० मीटर. क्षेत्रफळ ५.६ चौरस मीटर. पण ती उघडी आहे. उघड्या धातूला दर चौरस मीटरला ५० मिलिअँपिअर धरले तर २८० मिलिअँपिअर झाले. म्हणजे शंभर मीटर तांबं जवळजवळ चार किलोमीटर पाईपच्या वाट्याचा करंट खाऊन बसतं.

आणि नुसतं खात नाही. मातीत तांब्याचं पोटेन्शियल उणे २०० मिलिव्होल्टच्या आसपास, लोखंडाचं उणे ५०० ते ७००. दोघांना तारेनं जोडलं की बॅटरी तयार होते आणि झिजतं ते लोखंड. टीआर युनिट बंद पडलं तर तांब्याची ग्रिड पाईपला खायला लागते. फोनवरच्या मुलाला "घरी पाठवीन" म्हणणारे दुसरे साहेब याच्यासाठी रागावले होते.

माझी दुसरी चूक: अर्थ काढून टाकला

मग मी काय केलं? मोटरच्या बॉडीचे दोन्ही अर्थ काढून टाकले. रीडिंग झटकन परत आलं. वरिष्ठांनी शाबासकी दिली.

पुढं दोन महिन्यांनी, पाऊस सुरू होण्याआधीची ती वादळाची संध्याकाळ. तिथला ऑपरेटर व्हॉल्व्हचं चाक फिरवायला गेला. स्टेशनपासून थोड्या अंतरावर हाय टेन्शन लाईनचा टॉवर होता. लाईनवर वीज पडली, फॉल्टचा करंट टॉवरच्या पायातून जमिनीत उतरला. ऑपरेटर मागं फेकला गेला. जगला तो. चार दिवस दवाखान्यात होता आणि हातावर भाजल्याची खूण राहिली. पण जगला हे नशीब, त्यात माझी हुशारी काही नाही.

झालं असं. टॉवरच्या पायातून हजारो अँपिअर जमिनीत उतरतात तेव्हा आजूबाजूच्या जमिनीचं व्होल्टेज क्षणभर वर चढतं. पाईप मात्र कोटिंगमुळे त्या जमिनीपासून तुटलेला असतो आणि दूरवर पसरलेला असतो, म्हणून तो लांबच्या जमिनीच्या व्होल्टेजवर राहतो. ऑपरेटरचे पाय चढलेल्या जमिनीवर, हात न चढलेल्या पाईपवर. सगळा फरक त्याच्या अंगातून गेला. तिथं बाँडिंग असतं तर पाय आणि हात एकाच व्होल्टेजवर राहिले असते. तारेवर बसलेल्या चिमणीला काही होत नाही ते याचमुळे. तिचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात.

तेव्हापासून मी एक गोष्ट धरून आहे. पाईप वाचवण्यासाठी माणसाचं अर्थिंग सोडवायचं नाही. आणि माणूस वाचवण्यासाठी पाईप गंजू द्यायचा, असंही नाही, कारण गॅसचा पाईप फुटला तर माणसंच जातात.

पाईपवर वीज येते कुठून

टॉवरवरचा फॉल्ट हा एक रस्ता झाला. अजून दोन आहेत.

एक म्हणजे बांधकामाच्या वेळचा. वेल्ड केलेली लांबलचक पाईप लाकडी स्किडवर ठेवलेली, वरून ४०० केव्हीची लाईन. पाईप जमिनीला कुठंच टेकलेला नाही, त्यामुळे वरच्या तारांच्या विद्युत क्षेत्रानं त्यावर व्होल्टेज चढतं. हात लावला की झटका.

दुसरा रोजचा. लाईन आणि पाईप काही किलोमीटर शेजारी शेजारी चालले की ट्रान्सफॉर्मरसारखं होतं: वरची तार प्रायमरी, खालचा पाईप सेकंडरी. चोवीस तास पाईपवर एसी व्होल्टेज येत राहतं. जमिनीत पुरलेला असला तरी.

आपल्या भागात हे लांबचं नाही. सरदार सरोवराहून धुळ्याला येणारी ४०० केव्ही लाईन, धुळे-वडोदरा ७६५ केव्ही लाईन, आणि नंदुरबार-नवापूरवरून सुरतेकडे जाणारी २५ केव्ही एसीची रेल्वे. शेजारच्या धुळे जिल्ह्यातून भारत पेट्रोलियमची मुंबई-मनमाड-मांगल्या-बिजवासन पाईपलाईन जाते. तेल, वीज आणि रेल्वे, तिघांनाही सपाट, सरळ, सरकारी परवानगी मिळेल अशी जागा हवी असते. म्हणून तिघं एकमेकांच्या शेजारीच येऊन बसतात.

रेल्वेवरून मुंबईची गोष्ट सांगतो. ३ फेब्रुवारी १९२५ ला मुंबईत पहिली इलेक्ट्रिक लोकल धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. डीसी रेल्वेचा परतीचा करंट रुळांतून थोडा जमिनीत गळतो, जवळच्या पाईपमध्ये शिरतो, सबस्टेशनजवळ बाहेर पडतो आणि तिथं पाईप खातो. वर सांगितलेला ९ किलोचा हिशेब इथं लागतो. नंतर २०१२ ते २०१६ या काळात पश्चिम, मध्य आणि हार्बर मार्ग टप्प्याटप्प्यानं २५ केव्ही एसीवर गेले. डीसीची गळती संपली, पण शेजारच्या पाईपांसाठी एसीच्या इंडक्शनचा प्रश्न सुरू झाला. म्हणजे गाडी तीच, प्रवासी तेच, पण पाईपवाल्याला मीटरचा सिलेक्टर डीसीवरून एसीवर फिरवावा लागला.

१५ व्होल्ट, आणि आपली काळी माती

पाईपवर सतत राहणाऱ्या एसी व्होल्टेजची मर्यादा बऱ्याच ठिकाणी १५ व्होल्ट धरतात. का? माणसाच्या अंगाचा रोध १५०० ओहम धरला तर १५ व्होल्टला १० मिलिअँपिअर जातात. त्याच्या वर गेलं की मूठ सुटत नाही. म्हणजे १५ हा आकडा माणसासाठी आहे. पाईपसाठी नाही. हे बरेच जण विसरतात.

पाईपसाठी वेगळं मोजमाप आहे. कोटिंगच्या छिद्रातून दर चौरस मीटरला किती एसी करंट बाहेर पडतो? २० अँपिअरच्या खाली असेल तर चिंता नाही. १०० च्या वर असेल तर डीसीचं रीडिंग छान असूनही पाईप गंजेल असंच धरून चालायचं. मधे असेल तर सांगता येत नाही. हिशेब सोपा आहे: व्होल्टेजची आठपट करायची, आणि तिला मातीची रोधकता, पाय आणि छिद्राचा व्यास यांच्या गुणाकारानं भागायचं.

छिद्र १ चौरस सेंटिमीटरचं धरू. व्होल्टेज १० धरू, म्हणजे माणसासाठी सुरक्षित. आता शहादा-तळोद्याकडची तापीकाठची काळी माती घ्या, पावसाळ्यात भिजलेली. रोधकता १० ओहम-मीटर धरली तर उत्तर येतं २२५ अँपिअर. हाच पाईप अक्कलकुवा-धडगावकडे सातपुड्याच्या मुरूम-खडकात असता आणि रोधकता २०० धरली, तर उत्तर येतं ११.

व्होल्टेज तेच, पाईप तोच. एका तालुक्यात निवांत, दुसऱ्या तालुक्यात धोक्यात. म्हणून कुणी मीटर दाखवून "साहेब, १५ च्या आत आहे, झालं" म्हणालं तर पुढचा प्रश्न विचारा: माती कुठली? चार खुंट्यांची रोधकता चाचणी कधी केली? उन्हाळ्यात भेगा पडलेल्या काळ्या मातीत घेतलेलं रीडिंग श्रावणात कामाचं नाही.

मग जोडायचं कसं

आता उत्तर. आपल्याला पाईप आणि जमीन यांच्यात असं काहीतरी हवं की जे एसीला आणि फॉल्टला जाऊ देईल, पण कॅथोडिक प्रोटेक्शनच्या डीसीला अडवेल. त्याला डीकपलर म्हणतात. एखाद्या नाक्यासारखं समजा: रोजच्या मालगाड्या थांबवतो, पण अँब्युलन्स आली की आडकाठी लगेच वर. दोन-तीन व्होल्टच्या आतला डीसी तो अडवतो. एसी कायम जाऊ देतो. आणि वीज पडली किंवा फॉल्ट आला तर हजारो अँपिअर स्वतःतून वाहून नेतो. पूर्वी हेच काम पोलरायझेशन सेल करायचा, पोटॅशियम हायड्रॉक्साईडच्या द्रावात बुडवलेल्या प्लेटा. द्राव सुकायचा, कुणी भरायचं नाही. आता घन स्वरूपातले येतात. चांगल्या डीकपलरची खूण अशी की तो जळाला तरी शॉर्ट होऊन जळतो, उघडा पडत नाही. मग पीएसपी बिघडतं, पण माणूस सुरक्षित राहतो. बिघाड माणसाच्या बाजूनं झुकलेला हवा.

माझ्या त्या व्हॉल्व्ह स्टेशनवर शेवटी हेच बसवलं. मोटरचं अर्थिंग परत आलं, ग्रिडच्या वाटेत डीकपलर आला, पीएसपी जागेवर राहिलं. तिथं निवड करायची वेळच नव्हती. मला फक्त माहीत नव्हतं.

बाकीच्या तीन गोष्टी थोडक्यात.

झिंक. अर्थिंगसाठी पाईपच्या बाजूनं तांबं नाही, जस्ताची रिबन पुरतात. जस्ताचं पोटेन्शियल उणे ११०० च्या आसपास, म्हणजे ते पाईपकडून काही हिसकावत नाही, उलट थोडं देतं. थेट जोडलं तरी पाईपचं नुकसान नाही. पण मग टीआर बंद करून खरं रीडिंग घेताना जस्त पाठीमागून करंट देत राहतं आणि रीडिंग फसवं येतं. म्हणून तिथंही मधे डीकपलर घालतात.

मॅट. व्हॉल्व्ह आणि टेस्ट पोस्टभोवती, माणूस जिथं उभा राहतो त्या जमिनीखाली झिंकची जाळी घालतात आणि ती पाईपला बाँड करतात. चिमणीसाठी जशी तार, तशी माणसासाठी ही जाळी. वर खडीचा थर असतो. तो शोभेचा नाही, पायाखालचा रोध वाढवायला असतो. खडी उचलून बांधकामाला नेऊ नका.

इन्सुलेटिंग जॉइंट. स्टेशनात शिरताना पाईप विजेच्या दृष्टीनं तोडतात, म्हणजे आतल्या तांब्याच्या ग्रिडचा बाहेरच्या पाईपशी संबंधच राहत नाही. त्या जॉइंटवर सर्ज डायव्हर्टर लागतो, नाहीतर वीज पडली की जॉइंटच्या आत ठिणगी उडते.

साईटवरच्या पोरांसाठी

हे मी त्या मुलाला नंतर परत फोन करून सांगितलं. तुमच्या घरातलं कुणी अशा कामावर असेल तर त्याला वाचून दाखवा.

लाईनखाली स्किडवरच्या पाईपला हात लावण्याआधी तो अर्थ केलाय का बघायचं. अर्थ जोडताना आधी खुंटी जमिनीत, मग क्लॅम्प पाईपला. काढताना उलट: आधी पाईपवरून, मग जमिनीतून.

पाईप कापायचा असेल तर कापण्याआधी दोन्ही बाजूंना जोडणारी जाड बाँड केबल लावायची, टीआर बंद करायचं, आणि पाईप परत जोडला जाईपर्यंत केबल काढायची नाही. कापलेल्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज असतं. दोन हातांनी दोन टोकं धरली तर आपणच बाँड केबल होतो. आणि आत गॅसचा अंश असेल तर एक ठिणगी पुरते.

ढग गडगडला की पाईपचं काम बंद. इथं ऊन असलं तरी. पाईप चाळीस किलोमीटर लांब असेल, वीज त्याच्या दुसऱ्या टोकाला पडत असेल.

आणि शेतकरी भावांना एक विनंती. शेताच्या बांधावर पाईपलाईनचा टेस्ट पोस्ट असतो, आत तारा असतात. त्यांना मोटरचा न्यूट्रल किंवा अर्थ जोडू नका. तुमच्या मोटरचा फॉल्ट त्या पाईपवरून दुसऱ्या गावातल्या माणसापर्यंत जातो, आणि त्यांच्याकडचं व्होल्टेज तुमच्या मोटरच्या बॉडीवर येतं. ती तार दिसायला फुकटची वाटते, पण आहे कुणाच्या तरी जिवाची.

मुलानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे उद्या साहेबांना काय सांगू?"

म्हणालो, सांगायचं काही नाही, विचारायचं. "साहेब, अर्थिंग देतो, पण मधे डीकपलर आहे ना?" पहिले साहेबही खूश होतील, दुसरेही. आणि डीकपलर आलेला नसेल, तर तो येईपर्यंत त्या व्हॉल्व्हला हात लावू नकोस.

परवा त्याचा मेसेज आला. डीकपलर स्टोअरमध्येच पडून होता. डबा उघडलेला नव्हता.

भेटू पुढच्या भागात.